पाचवी गोळी

लिएक्सात जानेवारीत नऊ वाजले तरी उजाडत नाही.
तळघरात मात्र दिवा असतो.
उर्पोमामा झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या
फळीवर मांडून ठेवतो, तोंड वर,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारख्या.

एकदा झाडली की पुंगळी फुगते,
आपल्या रायफलच्या पोटाचं माप घेऊन बाहेर येते.
"तिला फार दाबू नकोस, सिल्वी," तो म्हणतो,
"मान तेवढी आवळ.
बाकीचं ती सोसून शिकलेली असते."

छत्तीस वर्षं तो कागदाच्या गिरणीत
वजनाच्या खोलीत होता.
कागद तोलण्यात गेलेला माणूस
आता कागदाला भोकं पाडायला दारू तोलतो.

या वजनाचं नाव दाणा.
कुणीतरी कधीतरी जवाचा दाणा पारड्यात टाकला,
तेव्हापासून.
आमच्या थंडीत जवच काय तो भरवशाचा.
तो दाण्याचेही दहा भाग करतो.
शेगडीचा पंखा बंद, रेडिओ बंद, दार लावलेलं;
श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायचा,
काट्याला कळता कामा नये.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरू लागला.
डॉक्टरांनी सांगितलेलं नाव लांबलचक होतं.
मामा त्याला पाहुणा म्हणतो.
"आज पाहुणा लवकर उठला," म्हणतो,
आणि चिमटा डाव्या हातात घेतो.

नेम तेव्हापासून माझा, काडतुसं त्याची.

शनिवारी तीनशे मीटर, उणे एकवीस.
मी चटईवर पालथी,
तो दुर्बिणीला डोळा लावून शेजारी.
चार गोळ्या एका नाण्याखाली झाकतील अशा.
पाचवी अंगठाभर खाली.

"वारा," मामा म्हणाला.

बर्चच्या फांदीवरचा बर्फ जागचा हलला नव्हता.
आणि वारा गोळीला आडवं नेतो, खाली नाही.
हे मला त्यानंच शिकवलं होतं.

मग मी रात्री तळघरात उतरू लागले.
त्याची काडतुसं चिमट्यात धरून गोळी उपसायची,
दारू परत तोलायची,
कमी असेल तर तिळातिळानं भरायची,
गोळी पुन्हा होती तेवढीच खोल बसवायची.
चोरी नव्हती ती.
म्हणजे, चोरीच होती.

फेब्रुवारीभर पाचवी घरी आली.
मामा शीळ घालत बर्फ उपसायचा.
शेजारच्या हेल्लेवीला त्यानं लक्ष्याचा कागद
फ्रिजवर लावायला दिला,
तिनं लावलासुद्धा.

मार्चमध्ये मी त्याची वही पाहिली.
तारीख, तापमान, दारूचा डबा, पुंगळीची लांबी,
आणि अगदी कडेला एक नवा रकाना,
लंगडत्या अक्षरात:
सि. नं दुरुस्त केली.
त्याखाली आकडे. तीन. पाच. पाच. एक. चार.

मी वही मिटली. तो मागेच उभा होता.
"उपसलेल्या गोळीच्या अंगावर
चिमट्याचा ओरखडा राहतो," तो म्हणाला.
"मी थरथरतो, पोरी. आंधळा झालेलो नाही."

कॉफी उतू गेली त्या दिवशी.
पुसायला दोघांपैकी कुणी उठलं नाही.

काल परत रेंजवर गेलो.
तळ्यावरचा बर्फ आतून कुरकुरत होता.
पाच काडतुसं, मी एकालाही हात न लावलेली;
एकेक उचलून त्यानं माझ्या तळव्यावर ठेवलं,
पाहुण्यासकट.

चार एकत्र.
पाचवी अंगठाभर खाली.

तो दुर्बिणीतून बराच वेळ पाहत राहिला.
मग वही माझ्याकडे सरकवली, पेन्सिलसुद्धा.
कडेच्या रकान्यात मी शून्य लिहिलं.

फांदीवर आता बर्फ उरलेला नाही,
एक वाळकं पान होतं, ते स्थिर होतं.
मी वाऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
होता.